अकराव्या ओळीतलं घर

ती. बाबा,

इथूनच तुमच्या पाया पडतो. मी ठीक आहे. कपाळाला तीन टाके पडलेत, पण आईला सांगू नका, उगाच जेवण सोडेल.

निवडणूक कचेरीतलं माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. उमेदवारांनी लिहून दिलेली मालमत्ता टाइप करायची आणि बाहेरच्या फळ्यावर लावायची. लोकांनी महिनाभर धरणं धरून हा नियम करून घेतला, तो तुमच्या पक्षाला झोंबला. परवा तुमचे कार्यकर्ते आले, फळा फोडला आणि मला देशद्रोही म्हणाले. फोनवर तुम्हीही तेच म्हणाला होतात, त्यामुळे नवल वाटलं नाही.

चिडू नका, पुढचं वाचा. काल तुमच्या साहेबांचा कागद माझ्या टेबलावर आला. अकराव्या ओळीवर माझी बोटं थांबली. नदीकडची गल्ली, दोन खोल्या, मागे हौद, परसात लिंबू. एका निष्ठावंत कार्यकर्त्याने बक्षीस दिलेलं घर, असं लिहिलंय. सोबत बक्षीसपत्राची नक्कल आहे, तिच्यावर तुमची सही.

मी तीनदा वाचलं आणि मग टाइप केलं. दुसरं काय करणार होतो? आज तो कागद नव्या फळ्यावर लागलाय, येणारेजाणारे वाचतात.

ताईचं बाळंतपण त्याच घरात करायचं ठरलंय ना? घर परत मागता येईल का, ते वकिलाला विचारतोय. माझ्याशी बोलू नका हवं तर, पण बाबा, एवढं कळवा. आईला हे माहीत आहे का? की ती अजून रोज सकाळी उठून, आपलंच समजून, साहेबांचं अंगण झाडतेय?

तुमचा,
धाकटा