हेडमास्तर नदीत उतरतात

स्टीलव्हिल, ९ मार्च १९८७

ती. ओलीटाताईस,
सा. न. वि. वि.

डॅरेलचा फोन आला होता. हो, माझ्याच मुलाचा, आठ वर्षांनी. जूनमध्ये दोन दिवस येतो म्हणाला. मला भेटायला नव्हे. माझ्या घरामागून मेरेमॅक नदी वाहते आणि तिच्यात बास मासे आहेत, म्हणून. लहानपणी त्याला गळ टाकायला तू शिकवलंस आणि मी शाळेत पेपर तपासत बसलो, याची आठवण करून देऊ नकोस. दर नाताळला देतेसच.

मी घरात बसलो, तर तो नदीवर जाईल आणि तिथूनच परत जाईल. तेव्हा मला तीन महिन्यांत शिकव. गळाच्या दोन काठ्या, छातीपर्यंतचे रबरी बूट आणि आमिषांचे अकरा डबे घेतलेत. चार पुस्तकंही वाचली.

लोभ आहे असं धरून चालतो.
तुझा हॉलिस

लिकिंग, १७ मार्च

चि. हॉलिस यास,
अनेक आशीर्वाद.

तू चार पुस्तकं वाचलीस हे कळून माशांची पाचावर धारण बसली असेल. अकरा डबे परत कर. एक हलकी काठी, बारीक दोरी आणि तपकिरी रबरी झिंगा, एवढं पुरे. बासला झिंगे आवडतात, पुस्तकं नाहीत.

बास धारेच्या मधोमध तुझी वाट बघत उभा नसतो. तो खडकामागच्या संथ पाण्यात बसतो आणि आयतं काय वाहत येतंय ते बघतो. गळ खडकाच्या वरच्या अंगाला टाक, वाहत येऊ दे आणि गप्प राहा. हे शेवटचं तुला सगळ्यात जड जाणार. आणि पाण्यात पाय उचलून टाकू नकोस, माझ्यासारखा तळाला तळवा घासत सरक, नाहीतर शेवाळावर आडवा होशील.

मे महिन्यात उथळ पाण्यात, खडे सारून केलेल्या घरट्यावर एखादा बास राखण करताना दिसेल. तो नर असतो, त्याला छळू नकोस. आई निघून जाते, बाप पिल्लांपाशी थांबतो. माशांमध्ये अशी पद्धत आहे.

लोभ आहे, वाढवायचा की नाही ते तुझ्या वागण्यावर.
ओलीटा

स्टीलव्हिल, २१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टोमणा पोचला. दोन दिवस राग आला, तिसऱ्या दिवशी खरा वाटला.

प्रगती अशी: गळाला आजवर एक सिकॅमोरचं झाड, माझी टोपी आणि शेजाऱ्याची होडी लागली. पण काल खडकामागे दोरी थरथरली. हिसका दिला तर फूटभर बास पाण्याबाहेर उसळला! मी ओरडलो. ऐकायला कोणी नव्हतं. त्याला सोडून दिलं आणि काठावर बराच वेळ बसून राहिलो.

आता मला सगळं येतं. डॅरेलसाठी दोन दिवसांचं वेळापत्रक केलंय. सहाला पहिला डोह, साडेसातला दुसरा. त्याच्या चुका होतील त्या मी सुधारेन.

आशीर्वाद असू दे.
हॉलिस

लिकिंग, २८ मे

चि. हॉलिस यास,
आशीर्वाद. आज जरा हात आखडून.

वा! मुलगा आठ वर्षांनी येतोय आणि तू घंटा वाजवायच्या तयारीत. वेळापत्रकाला कंटाळूनच तो घर सोडून गेला होता ना? शाळा सुटून सहा वर्षं झाली, हे तुला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

हॉलिस, थट्टा पुरे. मला भीती वाटते. त्याला काठावर हेडमास्तर भेटला, तर तो दुपारीच गाडी काढेल आणि पुन्हा येणार नाही. पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. मासे धरायला शिकवणं सोपं होतं.

काळजीत,
ओलीटा

स्टीलव्हिल, १५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वेळापत्रक चुलीत घातलं. डॅरेलनं काठी पुढे केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मला यातलं काही येत नाही, तूच दाखव. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही खोटं.

दोन दिवस त्यानं मला शिकवलं. गाठ मारायला, गळ टाकायला. चुकलो की ओरडायचा, हुबेहूब माझ्या आवाजात. मध्येच त्याच्या आईबद्दल बोलला, नोकरीबद्दल बोलला. त्याला नऊ मासे मिळाले, मी मोठ्या प्रयत्नानं एकावर थांबलो. ताई, मी इतका सुखी कधी नव्हतो.

त्याला यातलं काही कळू देऊ नकोस.
तुझा हॉलिस

टल्सा, १६ जून

ती. ओलीटाआत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांकडे जाऊन आलो. काठी कशी धरायची हेही आपल्याला ठाऊक नाही, म्हणाले. मग नदीत उतरले. नवशिका पाय उचलून टाकतो आणि पहिल्याच शेवाळावर आडवा होतो. बाबा तळाला तळवा घासत, चाचपत पुढे सरकले. मी खडकाकडे बोट दाखवायच्या आत त्यांची नजर तिथे गेली, आणि मी पाहतोय म्हटल्यावर घाईनं आभाळात गेली. हा माणूस तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडत होता!

कोणाकडे शिकले ते विचारत नाही. शेवाळात असे पाय टाकणारं आपल्या घरात एकच माणूस आहे.

त्यांनी मुद्दाम तिसऱ्यांदा गाठ चुकवली, तेव्हा मला रडू यायला लागलं. म्हणून ओरडलो. मग पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.

ऑगस्टमध्ये परत जातोय. त्यांना अजून काहीच येत नाही, असं मी धरून चाललोय. तूही तसंच धर.

तुझाच,
डॅरेल