हिराकस आणि मायच्या गोळ्या

बाबा,

आज दवाखान्यात मी एका अनोळखी माणसावर फार ओरडले, आणि घरी येऊन चपला काढताना कळलं की ओरडायचं होतं ते तुमच्यावर. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी हा राग काही उतरत नाही. पांढुर्ण्याला मी रक्त तपासते, ते तुम्ही पाहिलंच होतं. ‘आमची पोरगी दिवसभर लोकाइचे बोटं टोचते,’ असं तिगावच्या स्टेशनवर तुम्ही कोणालाही सांगायचे. काम अजून तेच आहे. बायांची बोटंही तशीच येतात, गार आणि फिकी, आणि मशीनवर आकडा दिसायच्या आधीच मला तो कळलेला असतो.

आजची बाई मोहगावकडची होती, सहावा महिना. तिचं रक्त सात पॉइंट भरलं. लोहाच्या गोळ्या तिला मागच्याच वेळी दिलेल्या. तिनं पिशवीतून पाकिटं काढली, तर एकही गोळी फोडलेली नाही. मी विचारलं, “घेतल्या काऊन नाई?” तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “गरम पडतात मॅडम. उलट्याच करून राहिली होती. म्या म्हटलं, राहू दे.” त्याच्या हातात कृषी केंद्राची थैली होती. त्यात काय आहे, म्हणून मी विचारलं. “संत्र्याचं औषध. झाडाइले पिवळेपणा येऊन राहिला. लोह कमी आहे म्हणे.” त्यानंतर मी काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. झाडाचं पान पिवळं पडलेलं बांधावरून दिसतं आणि बायको पुढ्यात बसून पांढरी पडली ते दिसत नाही, असलं काहीतरी. बाहेर बाकावर बसलेल्या बाया आत डोकावू लागल्या. तो मान खाली घालून ऐकत होता. माझं संपल्यावर एवढंच म्हणाला, “झाड उलटी नाई करत, मॅडम.” त्यावर मी आणखीच चिडले.

तुम्हीही हेच म्हणाला असता. बोरगावच्या अलीकडची आपली संत्र्याची बाग तुम्ही पानापानानं वाचायचे. मला हाताशी धरून दाखवायचे, कोवळं पान पिवळं अन् शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी. पानं बारीक राहून राहिली म्हणजे जस्त पाहिजे. जुनं पान कडेनं पिवळं होत आलं तर मॅग्नेशियम. शाळेत खनिजं हा धडा आला तेव्हा अर्धा मला आधीच येत होता. एक दुपार अजून डोळ्यापुढे आहे: झाडांना लोह द्यायला हिराकसाचे हिरवे खडे तुम्ही ड्रमच्या पाण्यात विरघळवताय, वेगळ्या बादलीत चुन्याची निवळी धरलीय, आणि माय विहिरीवरून एकेक गुंड भरून आणतेय. मधेच ती गुंड खाली ठेवते आणि बांधाच्या धुऱ्यावर बसते. तुम्ही मान वर न करता म्हणता, “काय झालं वं?” ती म्हणते, “काही नाई, डोळ्यापुढं अंधारी आली.” तुम्ही ढवळत राहता.

त्याच महिन्यात ती चुलीपुढे पडली. तेव्हा तिला पाचवा महिना होता, मी सातवीत. सौसरच्या डॉक्टरनं तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त फार कमी आहे म्हणून लाल गोळ्या लिहून दिल्या, रोज एक. ती गोळी तिला सकाळी रिकाम्या पोटी चहासोबत मिळायची, कारण घरात सकाळी दुसरं काही नसायचं. चहा लोहाला अंगी लागू देत नाही, लिंबू किंवा संत्रं त्याला मदत करतं, हे आता मी दिवसातून वीसदा सांगते. आपल्याकडची चांगली संत्री ट्रकमध्ये जायची. माय गोळी घ्यायची आणि न्हाणीत जाऊन ओकायची. आठव्या दिवशी तिनं आजीला सांगितलं की शौचाला काळं होतं. आजीनं तुम्हाला सांगितलं, आणि वर हेही, की अशा गोळ्यांनी लेकरू काळं निपजतं. तुम्ही पाकीट उचलून फळीवर ठेवलं. “बंद कर ते. अंगात गर्मी झाली.” मी म्हटलं, “बाबा, डॉक्टरनं तीन महिने सांगतलं.” तुम्ही म्हणालात, “दोन पुस्तकं वाचली तं बापाले शिकवून राहिली काय?” मी अभ्यासाला बसले. मायनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग दिवाळीला तुम्ही पांढुर्ण्याच्या बाजारातून तिच्यासाठी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, कढई आणली, चकचकीत, हलकी. तिला जड उचलायला नको म्हणून आणली हे मला तेव्हाही कळत होतं. लोखंडी कढई भंगारवाल्याला गेली. त्या जुन्या कढईत भाजी काळसर व्हायची, ते लोहच होतं, तेवढं तरी तिच्या पोटात जात होतं. आता हे कोणाला सांगावं? ती जर्मनची कढई माय अजून वापरते. तिला ती फार आवडते.

त्या बाळंतपणाला नागपूरला नेताना जीपमध्ये मायचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाळंतपणात रक्त गेलं, आणि जायला तिच्याकडे फारसं नव्हतंच. तुम्ही तुमच्या रक्ताची बाटली दिलीत, काकानं दिली. माय वाचली. भाऊ दोन दिवस राहिला. ओंजळीत मावेल एवढा होता, आणि काळा तर मुळीच नव्हता. तुम्ही दवाखान्याच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसला होता. आपण घरी आलो. चौथ्या दिवशी तुम्ही बागेत गेलात.

लॅबचा कोर्स करताना सरांनी एकदा फळ्यावर गोळीतल्या लोहाचं नाव लिहिलं आणि सहज म्हणाले, हाच शेतातला हिराकस, फक्त शुद्ध केलेला. वर्गात कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मी वही मिटून बाहेर नळावर जाऊन उभी राहिले. त्या सुट्टीत मी तुम्हाला मायच्या गोळ्या का बंद केल्या ते विचारायचं ठरवून आले होते. तुम्ही स्टेशनवर घ्यायला आलात, माझी पेटी खांद्यावर घेतलीत, आणि मी विचारलं नाही. नंतर तुम्ही गेलात. मायसमोर कधी विषय काढला तर ती म्हणते, “त्याईले काय ठाऊक होतं?” आणि मी दिलेली कॅल्शियमची गोळी जेवणानंतर घे म्हटलं, तर चहासोबत गिळते. गुडघे धरून उठते. मी बोलले की म्हणते, “तू लोकाइच्या बायाइले शिकव.”

आज शेवटी मी त्या बाईला खुर्चीवर बसवलं. नीट सांगितलं की गोळी रात्री जेवून घे, वरून लिंबू पी, चहा दोन तासांनी, आणि काळं होतं त्याला भिऊ नको. जास्त मळमळलं तर बंद करू नको, इथं ये, दुसरी देऊ. नवरा सगळं ऐकत होता. दारापर्यंत जाऊन तो परत आला आणि म्हणाला, “संत्र्याचा रस चालते काय, मॅडम? घरीच आहे.” मी हो म्हटलं. त्यानं विचारलं होतं, बाबा. मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

कारण तुम्हीही एकदा विचारलं होतं. हे मी मायलाही सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कपाटात कपड्यांखाली जाईल. गोळ्या बंद झाल्याला महिना झाला होता. मी अंगणात भांडी घासत होते. तुम्ही जवळ येऊन बसलात आणि हळूच म्हणालात, “तुह्या मायचं तोंड लय उतरलं वं. उद्या सौसरले डॉक्टरकडं नेऊ काय?” नेलं असतं तर मला घरी राहून स्वयंपाक करावा लागला असता. दुसऱ्या दिवशी शाळेत गॅदरिंग होतं आणि नाचात मी पहिल्या रांगेत होते.

मी म्हटलं, “आता बरी आहे ते.” तुम्ही बरं म्हणून उठलात.