हॉलंडहून मंगलाला लिहिलेली सात पत्रं

मी, कलाबाई बहिरू विधाते, वय बहात्तर, राहणार मखमलाबाद, नाशिक. डोकं जागेवर आहे, कोणाचा दाब नाही, म्हणून हे मृत्युपत्र लिहिते. शाळा चौथीपर्यंत, कायद्याचे शब्द वकीलसाहेबांचे, बाकीचं माझं.

१. घर व मागची वीस गुंठे फुलशेती मुलगा राकेश याला. झेंडूचे वाफे मोडून तिथं गाडी लावायची नाही.

२. माझी सोन्याची पोत नात दीपमाला हिला. तिनंच यंदा एप्रिलात मला हॉलंड दाखवलं! विमानात पापणी मिटली नाही. तिकडचा फुलांचा लिलाव पाहिला, तर भाव वरून खाली उतरतो आणि माणसं गपचूप बटण दाबतात. एवढी फुलं आणि एकाचाही ओरडा नाही! मला राहवेना, ओरडलेच, "ताजा माल, ताजा माल!"
दीपमाला म्हणाली, "आजी, हळू! लोक बघतायत."
म्हटलं, "बघू दे. बाजार हाय का दवाखाना?"

३. तिथून मी सात पत्रं लिहिली, सगळी मंगलाबाईला. गणेशवाडीच्या फुलबाजारात आम्ही तीस वर्षं पाटीला पाटी लावून बसलो. दुसरीच्या पाटीपुढं थांबलेलं गिऱ्हाईक हाक मारून ओढायचं नाही, ही तिथली रीत. नऊ वर्षांपूर्वी ऐन दसऱ्याला मी ती मोडली, मंगलाचंच गिऱ्हाईक ओढलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. चूक माझीच, पहिल्या पत्रात तेच लिहिलंय. पण ती ट्यूलिपची शेतं पाहून जी आनंदाची उकळी फुटली, ती सांगावी तर तिलाच! पोस्टात टाकायचा धीर झाला नाही. माझ्यामागं पत्रं तिला द्यावीत.

४. कलम तीन रद्द. मला साक्षीदार म्हणून मंगलाच हवी होती, पण वकीलसाहेब म्हणाले, "आजी, जिला काही मिळणार, तिची साक्ष नको." मग काल पत्रं घेऊन मीच तिच्या ओट्यावर गेले. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचलं. पहिलं पत्र संपलं. मंगला म्हणाली, "लय उशीर केलास, कले. पुढचं वाच." सातही वाचून घेतली आणि पदराखाली ठेवली.

आता माझ्याकडं द्यायचं काही उरलं नाही.

मखमलाबाद, नाशिक. १२ मे २०२५.
सही: कलाबाई बहिरू विधाते

साक्षीदार:
१. जीवन सहादू काकड, शेजारी (सही)
२. मंगलाबाई पुंजा काठे, फुलवाली (डावा अंगठा. वाचून दाखवलं, मान्य आहे.)