बदामाची सत्ती-अठ्ठी

दि. ४ मार्च

चि. सौ. ठकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवाच्या पोकरच्या डावाचा धक्का अजून ओसरलेला नाही. मी बोली वाढवली असताना तू बदामाची सत्ती-अठ्ठी घेऊन ती स्वीकारलीस, हे माझ्या आकलनाबाहेरचे आहे. एकाच रंगाचे लागोपाठचे पत्ते दिसायला देखणे असतात, म्हणून त्यांच्यामागे धावायचे नसते, हे मी तुला शिकवले होते. धावायचेच तर बोली वाढवणाऱ्याच्या नंतर बोलण्याची पाळी असावी. त्याची बोली आपल्यापुढे पैशांऐवजी मांडलेल्या बटणांच्या मानाने किरकोळ असावी. आणखी एकदोघे डावात असावेत. मधले पत्ते उघडल्यावर तुझी पाळी माझ्याआधी होती, तुझी एक तृतीयांश बटणे एका फटक्यात आत गेली आणि जावईबापूंनी तर पत्ते कधीच टाकून दिले होते. मधे पंजी, छक्की, नव्वी उघडली, तुझी पंजी ते नव्वी अशी ओळ लागली आणि माझे दोन राजे धारातीर्थी पडले, हा निव्वळ योगायोग होय.

जो जिंकेल त्याच्या घरी बाबांनी कायमचे राहायला जावे, असे आपण दोघांनी ठरवले होते. मी खालची खोली रंगवून, न्हाणीघराला कठडाही बसवून घेतला आहे. इतका मोठा निर्णय अशा डावावर ठरावा, हे मला मान्य नाही. डाव पुन्हा व्हावा.

लोभ आहेच; अक्कल वाढावी, ही विनंती.

तुझा,
दादा

प्रत: ती. बाबा, पत्ते वाटणारे या नात्याने माहितीसाठी.

दि. ७ मार्च

ती. दादास सा. न.

प्रत बाबांना? अरे, काय करून बसलास! शेवटची ओळ वाचली आणि हातातली कात्री खाली पडली. आपण पैज लावलीय हे बाबांना ठाऊकच नव्हतं ना! ते बिचारे आईच्या बटणांचा डबा उघडून, हौसेने पत्ते वाटायला बसले होते. ज्याचा संबंध त्याला प्रत गेलीच पाहिजे, ही तुझी ऑफिसची सवय आता घरात शिरली.

हे तर म्हणाले, दादांनी पोचपावती कशी मागितली नाही?

डावाचं म्हणशील, तर तुझे नियम मला तोंडपाठ आहेत. पण मोठी जोडी आली की तू मनगटावरचं घड्याळ सरळ करतोस. तुझ्याकडे राजे-एक्के आहेत आणि माझं जमलं तरी तू ते न सोडता सगळी बटणं लावशील, हे मला दिसत होतं. म्हणून घेतली सत्ती-अठ्ठी. शिवाय आमच्या गॅलरीत सकाळभर ऊन असतं, बाबांना ते हवं असतं.

आता त्यांना तोंड कसं दाखवू, ते सांग. लोभ असू दे, प्रती मात्र काढू नकोस.

तुझी,
ठकू

दि. ९ मार्च

चि. दादा आणि चि. ठकू यांस आशीर्वाद.

दादाची प्रत मिळाली. वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. जन्मभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्या, त्यामुळे दोष काचेत नाही हे लगेच कळलं. मी पत्ते पिसत होतो आणि तुम्ही दोघं मलाच डावावर लावून बसला होता!

वाटणाऱ्याचा निकाल ऐका. ठकूने बोली स्वीकारली ती चूकच, दादाचं घड्याळ सरळ होताना मीही पाहिलं, तरीही. तेवढ्या बटणांत, आधी बोलून, ते पत्ते टाकायचेच असतात. तरी डाव तिचा. उघडलेले पत्ते परत झाकता येत नाहीत. पण तिने जिंकली ती बटणं, मला नव्हे.

बाकी दादाचा पहिला नियम मला पटला. जो नंतर बोलतो त्याचं पारडं जड. तुम्ही दोघं बोलून झालात, आता मी बोलतो. मी इथेच राहणार. दादा, तो कठडा काढून आण आणि माझ्या जिन्याला बसव, तिथे मला खरंच आधार लागतो. ठकू, तुझ्या गॅलरीत मी सकाळचा येऊन बसेन आणि माझ्या पायांनी परत येईन.

रविवारी तिघंही या. जावईबापू पत्ते वाटतील, मी खेळणार आहे. दादाने घड्याळ घरी ठेवून यावं.

लोभ दोघांवर सारखाच आहे. तो कोणी जिंकायला बसू नये.

तुमचा,
बाबा