तुझ्या लॅपटॉपची शुश्रूषा

चि. ठमीस (कंपनीत तू मोठी साहेब झालीस, पण आमच्या तोंडी हेच बसलंय),

मावशीचे अनेक आशीर्वाद. तुझी सर्दी गेली का? वेळेवर जेवतेस का? (खरं सांग, तुझ्या आईला कळवणार नाही.) आम्ही दोघं बरे आहोत. तुझा लॅपटॉप मात्र बरा नाही, म्हणून हे पत्र हाताने लिहितेय. अक्षर लावून घे.

जाताना तू तुझा जुना लॅपटॉप आम्हाला दिलास आणि काकांना बजावलंस, की बॅटरी पूर्ण भरू नका, पूर्ण उतरू देऊ नका आणि तापू तर अजिबात देऊ नका. दुसऱ्या कुणी हे ऐकून मान हलवली असती आणि सोडून दिलं असतं. पण तू सांगितलंस ते इस्पितळात उभा जन्म वॉर्ड सांभाळलेल्या माणसाला! निवृत्त झाल्यापासून हे खिडकीशी बसून माझ्या भाजी चिरण्यातल्या चुका काढत होते, त्यांना एकदम पेशंट मिळाला. ऐंशी टक्के झाले की "पोट भरलं" म्हणून चार्जर काढायचे, विसावर आला की "अशक्तपणा आलाय" म्हणून लावायचे. मी सिनेमा बघत असले, खुनी कोण ते कळायची वेळ आली असली, तरी "आता त्याला पडू दे जरा" म्हणून झाकण बंद. खुनी कोण ते मला अजून कळलेलं नाही.

शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंनी एकदा लॅपटॉप मागून नेला आणि परत देताना कौतुकाने म्हणाल्या, "काका, शंभर टक्के फुल करून आणलाय हं." यांचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, इतकं खाऊ घालतात का कुणी?" बाई तेव्हापासून जिन्यात भेटल्या की फक्त माझ्याशी बोलतात.

मग तापाचं प्रकरण झालं. टेबल टणक, त्याला रुतेल, म्हणून यांनी लॅपटॉप गादीवर ठेवला. खाली उशी, बाजूंनी दुलई. (हवा जायच्या जाळ्या खालीच असतात, हे आम्हाला मागाहून कळलं.) थोड्या वेळाने पालथ्या हाताने तपासून म्हणाले, "अगं, अंग चांगलंच तापलंय." मी स्वयंपाकघरातून "मग बंद करा की!" म्हणेपर्यंत ओल्या पट्ट्या ठेवून झाल्या होत्या. एकदा बदलूनही झाल्या होत्या. पडदा लुकलुकला आणि काळा झाला. यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मला धड रागावताही येईना.

दुरुस्तीवाल्याकडे आम्ही दोघं बाकावर जीव मुठीत धरून बसलो. तो बाहेर येऊन म्हणाला, "कीबोर्ड गेला, पडदा गेला, आतला बोर्डही गेला. बॅटरी मात्र ठणठणीत आहे. इतक्या जुन्या मशीनची इतकी निरोगी बॅटरी मी पाहिली नव्हती. सांभाळत कोण होतं?" घरी येऊन चपला काढताना हे हळूच म्हणाले, "बॅटरी वाचली ना पण."

तेव्हापासून तुझा रविवारचा फोन वाजला की हे न्हाणीघरात जातात. तू विचारतेस, काका कुठे आहेत, मी सांगते, आंघोळीला. तुला वाटत असेल, काका हल्ली फारच स्वच्छ राहू लागले. तसं नाही गं. पोरीची वस्तू आपल्या हातून गेली, तिला तोंड कसं दाखवायचं, हे त्यांच्या मनातून जात नाही. माझ्याशीही ते हे बोललेले नाहीत, पण इतक्या वर्षांत एवढं तर मला कळतं.

तब्येतीला जप.

तुझी मावशी

ता. क. फोनवर लॅपटॉपचा विषय काढू नकोस. "काका, माझ्या फोनची बॅटरी फार लवकर उतरते, काय करू?" एवढंच विचार. उतरत नसली तरी विचार.

पुन्हा ता. क. माझ्या खांद्यावरून यांनी सगळं वाचलं. "असलं पोरीला लिहायचं असतं का?" म्हणून फणकारले, आणि चष्मा लावून फोनजवळ खुर्ची टाकून बसले. स्वतःहून लावणार नाहीत. आज आत्ता कुठे सोमवार आहे. पत्र मिळताच फोन कर.