पुलावर तीन जोडपी

प्रिय चिसातो,

तू कशी आहेस? थंडीतला तो कोरडा खोकला यंदा लवकर गेला का? आईचं गुडघ्याचं दुखणं काय म्हणतंय, जिना चढवतो का त्यांना? बाबांनी मीठ कमी केलं, की लोणच्याची बरणी अजून कपाटामागे लपवतात? भावाच्या बाळाला आता दात आले असतील. आणि ती एका कानाची मांजर, आहे ना अजून? सगळ्यांना माझा नमस्कार सांग. अवघड वाटलं तर नको सांगूस. तू माहेरी गेल्याला दीड वर्ष होत आलं, तेव्हा माझा नमस्कार तिथे कोणत्या नात्याने पोचायचा हे मलाही नीट उमगत नाही.

इकडे कुनिओ आणि सातोए, म्हणजे तुझे सासू-सासरे, ठीक आहेत. कुनिओची लाकडाची वखार चालू आहे, सातोएची पाठ अधूनमधून धरते. त्यांचा शुम्पेई रविवारी येतो, जेवतो, टीव्हीसमोर झोपतो आणि जातो. तुझा विषय निघाला की भाताचा वाडगा पुढे करून म्हणतो, "आई, अजून थोडा." सातोए वाढते. विषय तिथेच संपतो.

पूल झाला. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात मधले तीन गाळे वाहून गेले होते, ते तू पाहिलंच होतंस. नगर कचेरीचे साहेब म्हणत होते, या खेपेला कठडा लावू, बाहेरची माणसं बघायला येतात, कुणी पडलं तर? आपला शेजारी योशिमात्सु भर बैठकीत उठून म्हणाला, "साहेब, कठडा लावा, पण मग पुरात वाहून आलेली झाडं त्यात अडकली की पूल शोधायला समुद्रावर तुम्हीच जा." मग झाला तो पहिल्यासारखाच, बुटका आणि उघडा. मोठं पाणी आलं की बुडायचा, ओसरलं की वर यायचा. 'खेड्यांतले पाहण्याजोगे दहा पूल' हे पत्रक कचेरीने पुन्हा छापलंय. आपला अजून सातवाच. तू ते पत्रक घेऊन आली होतीस आणि पाण्यातली सावली टिपायला पुलाच्या काठावर पालथी पडली होतीस. तोमे आजी इकडून ओरडली होती, "अगं पोरी, फोटो हलला तरी चालेल, तू हलू नकोस!" तुला ओढायला शुम्पेई धावला. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याशी ती भांडायची, आपला पूल पहिला हवा म्हणून. "बाकीच्या नऊ पुलांनी कुणाला नातसून आणून दिलीय का?" पाहुणे बिचारे चहा पिऊन निघून जायचे.

नव्या पुलावरून पहिल्यांदा एकाच घरातली तीन पिढ्यांची जोडपी चालली म्हणजे पूल घरासारखा टिकतो, असं आपल्याकडे धरतात. आजा-आजी, मुलगा-सून, नातू-नातसून. गावात उरलीत एक्केचाळीस माणसं, त्यात अशी तीन जोडपी फक्त आपल्या घरात. गेल्या शरदात कचेरीतली हामागुचीबाई वही घेऊन आली, बोटांवर मोजलं आणि टाळी वाजवून म्हणाली, "सहाच्या सहा! आजोबा, तुम्हाला तर कचेरीत जपून ठेवायला हवं!" तारीखही तिनेच सांगितली, वीस एप्रिल. तू घर सोडलंयस हे मी सांगायला हवं होतं. तोमेने माझ्याकडे पाहिलं, मी चहाकडे पाहिलं. बाई नावं लिहून घेऊन गेली. मग तोमेने तुला फोन केला. तू म्हणालीस, "आजी, एका दिवसाचंच आहे ना, येते मी." फोन ठेवल्यावर तिने तेच तांदूळ दोनदा धुतले.

तिला एवढं का लागून राहिलं होतं ते तुला सांगितलं नसेल तिने. जुना पूल झाला तेव्हा ती वीस वर्षांची, घरात येऊन महिनाही झाला नव्हता. पलीकडच्या आळीतली तीन जोडपी काळे किमोनो घालून पुलावरून गेली आणि ही नवी नवरी काठावर गर्दीत मागे, चवड्यांवर उभी. रात्री मला म्हणाली, एक दिवस आपण. मी हसलो होतो. एकोणसाठ वर्षं ती हे बोलली नाही, पण विसरलीही नाही.

तोमे गेली, चिसातो. अठ्ठावीस मार्चला. शुम्पेईने तुला कळवलं नसणार, तो म्हणतो, कोणत्या तोंडाने फोन करू. दुपारी ओसरीत ती तुझ्यासाठीचा काळा किमोनो उसवत होती. तुझे हात लांब म्हणून बाह्या वाढवायच्या होत्या. मी जेवायला हाक मारायला गेलो तर कलंडली होती, सुई बोटात तशीच. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसेल म्हणाले. मी हो म्हटलं.

मला रडू आलेलं नाही. जानेवारीत नदीतलं खायचं हिरवं शेवाळ काढताना बोटं कशी आपली राहत नाहीत, कापलं तरी घरी येऊन रक्त दिसल्यावरच कळतं, तसं झालंय. भात खातो, उदबत्ती लावतो, पुलावर जाऊन काँक्रीट वाळलं का बघून येतो. लोक बोलतात ते ऐकू येतं. एकोणपन्नास दिवस व्हायचेत, तेव्हा सुतकातलं घर समारंभात चालत नाही, हे हामागुचीबाईला सांगणं सोपं गेलं. ती बिचारी रडली. आता दरीखालच्या गावातून कुठलंसं कुटुंब आणणार आहेत. योशिमात्सु म्हणाला, "भाड्याची जोडपी! पूलही मग भाडं संपेपर्यंतच टिकायचा." सगळे हसले. मीही हसलो असेन.

आता कशासाठी लिहायला बसलो ते. सोबतच्या जाड पाकिटात घटस्फोटाचा कागद आहे. डिसेंबरात तू सही-शिक्का करून शुम्पेईला पाठवला होतास तोच. नव्या वर्षाला तो घरी आला तेव्हा त्यानेही सही केली आणि आजीपाशी दिला, कारण खाली दोन साक्षीदार लागतात आणि आजी रागावणार नाही असं त्याला वाटलं. ती रागावली नाही. "पुलाचं होऊ दे, मग बघू," म्हणाली आणि तो किमोनोच्या कपाटात तळाशी ठेवला. त्यालाही तोंड बंद ठेवायला सांगितलं. तू किती वेळा फोन केलास आणि तो नुसता "करतो, करतो" म्हणत राहिला, तू त्यालाच बोल लावला असशील. अडवलं आम्ही. तोमेने कागद ठेवला आणि मी कपाटाशेजारी साडेतीन महिने झोपलो, सगळं ठाऊक असून. पुलावरून एकदा चालायला मिळावं म्हणून तुला आमच्या नावात धरून ठेवलं. तिच्या वतीने माफी मागायचा हक्क मला आहे का माहीत नाही, माझी मागतो. काल पहिल्या रकान्यात मी सही केली. दुसऱ्यासाठी सातोएला हाक मारली. तिने भांडी तशीच टाकून हात पुसले, नाव लिहिलं, शिक्का उमटवला आणि एवढंच म्हणाली, "बाबा, शाई वाळू द्या, लगेच घडी नका घालू." मी वाळू दिली. तू तिथल्याच कचेरीत दिलास तरी चालतं, विचारून घेतलंय. वीस तारखेला येऊ नकोस, आता तुला कुठेही कुणाची म्हणून चालावं लागणार नाही. फक्त पाकीट टपालात गहाळ झालं तर पुन्हा सगळ्यांच्या सह्या घेत बसावं लागेल, म्हणून हातात पडल्याबरोबर दोन ओळी लिही. कागद मिळाला, एवढंच लिहिलंस तरी पुरे. पण लवकर लिही.

तुझाच,
इवाओ आजोबा