खोट्याला वाजणारी घंटी

३ मार्च १९५७
आजपासून रोज डायरी. वेणू रुसून माहेरी, करंजाला गेली त्याला महिना होत आला. जाताना म्हणाली, तुमचा एक शब्द खरा नसतो. म्हणून आज पनवेलच्या बाजारात फेरीवाल्याकडून पितळी घंटी घेतली. जवळ कोणी खोटं बोललं की आपोआप वाजते. 'कधी चुकत नाही,' असं तो म्हणाला तेव्हा वाजली नाही. आणखी पुरावा काय हवा! वेणूसमोर ठेवली की तिचं तोंड बंद.

४ मार्च, सकाळी
ट्रायल. मोठ्याने म्हटलं, मेव्हण्याच्या हळदीला मी तापामुळे आलो नाही. वाजली. माल नवीन आहे.

संध्याकाळी
ताप नसेल, कणकण होती. वाजली. बरं, राइस मिलमध्ये पत्ते खेळत होतो, पण नाइलाजाने. फारच वाजली.

९ मार्च
शेजारची हौसा म्हणाली, "बाईल रुसली तं आनाया जावा लागतं. आपसूक कोन येत नाय." मी म्हटलं, शिमग्याला येईल, मला घाई नाही. वाजली. ती दचकली. गजराचं घड्याळ आहे म्हटलं. परत वाजली.
चुलीपाशी रडू आलं. धुरामुळे. (घंटीला वाचता येत नाही, हे एक बरं.)

१६ मार्च
शिमगा झाला. आली नाही. बस चुकली असणार.

१७ मार्च
करंजाला गेलो. आणायला नव्हे, घंटी दाखवायला. अंगणात बोंबील वाळत होते. सासरे बळीराम यांनी पाणी दिलं. मेव्हण्याला खोटं बोलायला लावलं. तो म्हणाला, "मी राजा हाय." वाजली. सगळे हसले. रंग चढला तशी मी सर्वांदेखत वेणूला विचारलं, माझ्याशिवाय करमत नाही ना?
ती बोंबील परतत म्हणाली, "माझा बरा चाललाय. तुमची आठवन येत नाय."
मी बोट वर केलं. ऐका आता!
सगळे थांबले. सासूबाईंनी कोयतीसुद्धा खाली ठेवली.
वाजली नाही.
उलटीसुलटी करून पाहिली, फुंकर मारली. सासरे हळूच म्हणाले, "जावई, जेवून जा." मी म्हटलं, भूक नाही. खणखणीत वाजली.
वेणू आत गेली.
परतीच्या एस.टी.त घंटी मांडीवर होती. पनवेलपर्यंत वाजली नाही. बोलायला कोणी नव्हतं.